ग्लेनला सांगायला हवं होतं

डॉक्टर बोलला तो बराच वेळ बोलला, आणि रचनाने त्याचं मराठी एका वाक्यात आटोपलं. "बाबा, लिव्हरला थोडी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल म्हणतात." बस्स. अहो, सूज आहे एवढं सांगायला कोणी खुर्ची पुढे ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसतं का? आणि तोंड उघडायच्या आधी टिश्यूचा डबा माझ्या पोरीकडे सरकवून ठेवतं का? आयुष्यभर नागपूरला कार्पोरेशनच्या शाळेत विज्ञान शिकवलं मी. पोरगं उत्तर समजून देतंय की थापा मारतंय, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. रचना बोलताना माझ्या कोटाच्या बटणाकडे बघत होती. लहानपणी शाईची दौत सांडली की अशीच बघायची. डॉक्टर तरुण होता, दाढी कोरलेली, डोळे चांगले होते त्याचे. त्याने माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं आणि रचना म्हणाली, "काही विचारायचंय का म्हणतात." विचारायचं होतं हो, पण कोणामार्फत विचारू? मी म्हटलं, "काही नाही. थँक्यू म्हण त्यांना." तेवढं मात्र तिने शब्दशः सांगितलं.

इंग्रजी मला वाचता येतं, लिहिता येतं, पण इथल्या माणसांचं बोलणं कानाला लागत नाही. सगळे शब्द एकमेकांत कालवून टाकतात. तरी त्या कालवलेल्यातून चार शब्द माझ्यापर्यंत आले. लिव्हर आला, तो तिनेही सांगितला. स्प्रेड आला. वीक्स आला, मी कान देऊन बसलो होतो, मन्थ्स म्हणतो का म्हणून, पण तो दोनदा वीक्सच म्हणाला. आणि चौथं तर अख्खं वाक्य आलं, नॉट फिट टु फ्लाय. ते कसं निसटेल? अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एकाला डॉक्टरांनी हृदयाचे ठोके चुकतात म्हणून जमिनीवरच ठेवलं होतं, त्याची गोष्ट मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला सांगायचो आणि फळ्यावर हेच शब्द लिहायचो. बाकीचे सगळे वर जाऊन आले आणि हा वर्षानुवर्षं खाली बसून त्यांच्या वेळापत्रकांवर सह्या करत राहिला. पोरांना त्या माणसाचं फार वाईट वाटायचं. मला तेव्हा एवढं वाटत नव्हतं, खरं सांगतो. म्हणायचो, जिवंत तर आहे ना!

गाडीत बसल्यावर रचनाने आधी माझा पट्टा लावला, मग स्वतःचा. सीट गरम करायचं बटण दाबलं. बाहेर बर्फ पडत नव्हता, नुसती कोरडी, हाडात शिरणारी थंडी, आणि कडेला लोकांनी फावड्याने ओढून ठेवलेले जुन्या बर्फाचे राखाडी ढीग. डीअरफूट हायवेवर आल्यावर तिची बडबड सुरू झाली. ग्रोसरीला थांबू या का, पपई आलीय चांगली, जाईचं डायपर संपलंय, योगेशला आज घरूनच काम करायचं होतं ते बरं झालं. मी हं हं करत होतो. मनात म्हणत होतो, आता सांगेल. या सिग्नलला सांगेल. गाडी चालवताना माणसाला समोर बघावं लागतं, तेव्हा बोलणं सोपं जातं, ती आता सांगेल. आणि तिने तोंड उघडलं ते असं, "बाबा, मी काय म्हणते, मार्चचं तिकीट पुढे ढकलू या. जाई अजून केवढीशी आहे. थंडी संपू दे, इथला समर बघा आणि मग जा. मघाशी योगेशशी बोलले मी, तो एअरलाइनला फोन करतोय." मी विचारलं, "काहून गं? तिकडे तुझी आई पडून आहे." ती म्हणाली, "असंच. आम्हाला वाटलं." आणि वायपर लावले. काचेवर काही नव्हतं.

तेव्हा मला ग्लेनची आठवण झाली. आठवण काय, तो माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखंच झालं. जॉन ग्लेन. बासष्टच्या फेब्रुवारीत पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला तो. रेडिओवर ऐकलं तेव्हा मला नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली होती. सगळा तपशील पुढे वाचनालयातल्या मासिकांतून मिळाला. तो वर फिरत असताना खाली जमिनीवर एक दिवा लागला. त्याचा अर्थ असा, की यानाच्या बुडाला जी उष्णतेची ढाल असते ती सैल झालीय. ढाल निघाली तर उतरताना माणूस जळून खाक. खालच्या शहाण्यांनी ठरवलं, ग्लेनला सांगायचं नाही. त्याला नुसतं सांगितलं, बाबा रे, परतीचं इंजिन पेटवून झालं की त्याची पेटी नेहमीसारखी टाकून देऊ नकोस, बुडाला बांधलेली राहू दे. ढाल तेवढीच धरून राहील असा त्यांचा हिशेब. ग्लेनने विचारलं, का? उत्तर आलं, आत्ता कारण देता येत नाही, वरच्यांचा निर्णय आहे. आणि तो तसाच खाली आला, खिडकीबाहेरून पेटलेले तुकडे उडत जाताना बघत. ते पेटीचे होते की ढालीचे, त्याला कळायला मार्ग नव्हता. निघालं काय, तर दिवाच खोटा होता, ढाल जागेवर होती. पण माझं म्हणणं ते नाही. माझं म्हणणं, सांगायला हवं होतं. वर्गात दर वर्षी एखादं हुशार पोरगं हात वर करायचं, "सर, सांगून काय उपयोग होता? त्याला काय करता आलं असतं?" मी टेबलावर हात आपटून सांगायचो, "उपयोगाचं बोलत नाही मी, हक्काचं बोलतोय. मरण त्याचं, बातमी त्याची. ती दुसऱ्याने खिशात ठेवायची नाही." शिपाई बाहेरून डोकावायचा, गजभिये सर पुन्हा भांडतायत म्हणून. केवढा तोरा होता माझा!

आणि ग्लेनला कळलं कसं माहीत आहे? कोणी सांगितलं नाही, पण विचारत राहिले. जगभर त्यांची ठाणी होती, यान एकेका ठाण्यावरून गेलं की तिथला माणूस सहज विचारल्यासारखा विचारायचा, ते अमुक बटण बंदच आहे ना रे? काही ठकठक ऐकू येतेय का? पहिल्याने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, मग तो काय दूधखुळा होता? घरी पोचलो तर जावई योगेश दारातच. "बाबा, ॲपेटाइट कसा आहे आज?" एरवी हा माणूस माझ्याशी हॉकीच्या मॅचपलीकडे बोलत नाही, तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहे, सज्जन आहे, पण मुखदुर्बळ. मी जोडे काढेपर्यंत त्याने आणखी विचारलं, पाठीत दुखत नाही ना? झोप लागते ना? मी म्हटलं, "लागते बावा, उत्तम लागते." मग दुपारी इथल्या आंबेडकर असोसिएशनच्या चित्राताईंचा फोन. जानेवारीत याच बाई हात धुऊन मागे लागल्या होत्या, सर, यंदा जयंतीला अंतराळवीरांवर तुमचं भाषण ठेवते, मुलांना आवडेल, मी फ्लायर पण करते. आज म्हणाल्या, "जयभीम सर. एप्रिलचं काही टेन्शन घेऊ नका हं. आपण बघू. तुम्ही आराम करा." मी म्हटलं, "टेन्शन कसलं, भाषण तर तयार आहे." तर पुन्हा ‘आराम करा’ एवढंच म्हणाल्या बिचाऱ्या. फोन ठेवल्यावर मी खिडकीशी बसलो. सगळ्यांना माहीत आहे. गावाला माहीत आहे. ज्याचं यान आहे तो सोडून सगळ्यांना. आधी राग आला, मग रागाच्या खाली जे होतं ते आलं. भीती. मरायचं आहे मला, आणि लवकर. आणि माझी ललिता तिकडे नागपूरला आहे.

त्या भाषणाची सुरुवात मी अशी करणार होतो. एकसष्टचा एप्रिल, बारा तारीख, दोन दिवसांवर जयंती. आमच्या वस्तीत मांडव पडला होता, नुकताच भोंगा चढवला होता आणि पोरं हॅलो हॅलो करून तपासत होती. दुपारी कुणाच्या तरी रेडिओवर बातमी आली, आणि मांडवातल्या एका पोराने ती जशी ऐकली तशी भोंग्यावरून वस्तीला सांगितली, की माणूस आकाशात जाऊन पृथ्वीला चक्कर मारून आला. रशियाचा गागारीन. सुताराचा पोरगा! त्या सुतारावर आमची वस्ती जी खूश झाली म्हणून सांगू. जयंतीच्या मिरवणुकीत पोरांनी बांबू आणि चांदीच्या कागदाचा अग्निबाण काढला, तो चौकातल्या तारेला अडकला. तो सोडवायला मी खांबावर चढलो होतो. खाली बायकांच्या घोळक्यातून एक पोरगी ओरडली, "मास्तर, तिथूनच चक्कर मारून या आता!" सगळे खोखो हसले. ती ललिता. महिनाभर मी तिच्यावर चिडून होतो आणि मग लग्नच केलं. गागारीनची एक गोष्ट मी तिला पुढे सांगितली होती. त्याच्या यानाला कुलूप होतं आकड्यांचं. वर जाऊन माणसाचं डोकं फिरलं तर, म्हणून सुकाणू बंद करून ठेवलेलं, आणि आकडा बंद पाकिटात. पण त्याच्यावर माया करणाऱ्या दोघा-तिघांना राहवलं नाही. नियम मोडून त्यांनी जायच्या आधीच त्याच्या कानात आकडा सांगून टाकला. ललिता म्हणाली होती, "हे माणसं खरे. तुमच्या त्या ग्लेनले असं कोणी नव्हतं." ग्लेनला ती कायम माझा ग्लेन म्हणायची, जसा काही माझा आतेभाऊ.

ऑक्टोबरात मी इकडे आलो तेव्हा ती ठणठणीत होती. रचनाचं बाळंतपण, दोघांनी यायचं ठरलं होतं, पण विमानाचं नाव काढलं की तिला धडकी भरते. मी चिडवलं, तारेवरून चक्कर मारायला सांगणारी बाई तू, आणि बसून जायला घाबरतेस? म्हणाली, "तुम्ही जा जी, मी नातीले मार्चात फोटोत पाहीन." आणि डिसेंबरात न्हाणीत पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी घातली. शेजारची प्रमोदिनी तिचं सगळं करते, पोटच्या पोरीसारखं. मी तेव्हाच निघणार होतो, पण फोनवर तिनेच धमकावलं, "बाळंतीण पोरगी सोडून आलात तर बोलणार नाही." बाळंतीण पोरगी. तीच तर गोची आहे! रचना संध्याकाळी जाईला पाजत बसली होती, पाठमोरी. तिचा खांदा एकदा हलला, मग पुन्हा एकदा. आवाज नाही. मी मागे उभा राहून बघत होतो. या पोरीने दवाखान्यात एवढं सगळं इंग्रजीत एकटीने ऐकून घेतलं, आणि मला मराठीत द्यायची वेळ आली तेव्हा तिची जीभ उचलली नाही. तिला कसा रागावू? मी बोललो तर ही कोसळेल, आईचं दूध आटतं म्हणतात अशाने. नाही बोललो तर समर समर करत हे लोक मला इथे हसतखेळत निजवतील, आणि मी हसतखेळत निजेन. माझं सोडा. तिकडे ललिता मार्चाची वाट बघत राहील. मला हंबरडा फोडावासा वाटला. जाईला ढेकर काढायला मी खांद्यावर घेतलं, तिचं डोकं गालाला लागलं, आणि मी काही फोडलं नाही. पावडरचा वास घेत उभा राहिलो.

जेवणं झाल्यावर कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ उजाडलेली असते.

"काल फोन नाही केला जी?" ललिता म्हणाली. "वाट पाहून पाहून जीव गेला माझा."

"काल तपासायला नेलं होतं. आज डॉक्टरकडे गेलो."

"हो, सांगतलं रचनाने. लिव्हरले थोडी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल."

तेच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे हिलाही सांगितलेलं नाही. मघापासून मी समजत होतो, की यानात मी एकटाच आहे. अहो, ती बसली होती ना शेजारी! तिची बातमी नव्हती का ही?

"ऐकता का?" ती म्हणत होती. "आज वॉकर धरून दारापर्यंत गेली मी. प्रमोदिनी नुसती पाहत राहिली. तुम्ही याल तवर फाटकापर्यंत चालून दाखवतो, शर्त लावा."

मी डोळे मिटले. बोलणं किती सोपं होतं! लावतो शर्त, म्हणायचं. उन्हाळ्यात येतो, म्हणायचं. योगेश म्हणतो तसं, रचना म्हणते तसं. माया करणारी माणसं असंच म्हणतात, आज कळलं मला ते. जिभेवर आलंसुद्धा होतं.

"ललिता, सूज नाही ती," मी म्हणालो. "कॅन्सर आहे. पसरलाय. महिने नाहीत, आठवडेच आहेत."

स्वयंपाकघरात रचना बाटल्या धूत होती. नळ बंद झाला.

"कोणी सांगतलं?" ललिताचा आवाज एकदम लहान झाला.

"कोणीच नाही सांगितलं. म्हणून तर सांगतो."

ती काहीतरी बोलायला गेली आणि मध्येच ती कार्डवाली बाई आली, गोड आवाजात, मिनिटं संपत आली म्हणून. मी हॅलो हॅलो करत राहिलो. लाइन गेली. रिसीव्हर हातात घेऊन मी तसाच बसलो होतो, आणि रचना ओल्या हातांनी समोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच. डॉक्टरच्या खोलीत."

ती खाली कार्पेटवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. अशी रडली की वर जाई जागी झाली आणि योगेश धावत गेला. "मला नाही सांगता आलं बाबा. मी तिथे शब्दच शोधत होते. इंग्रजीत ते नुसतं ऐकू येत होतं, मराठीत सांगितलं असतं तर खरं झालं असतं." मी तिच्या केसांवरून हात फिरवत होतो. मलाही रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. म्हटलं, "रड, बेटा. पण मग सांग. तो तुझ्याकडे बघून बोलला, पण निरोप माझा होता. तुझ्या आईचा होता. लाव फोन."

तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला. पलीकडे पहिल्या घंटेलाच उचलला. रचना म्हणाली, "आई," आणि तिने फोनचा स्पीकर लावला. ललिता म्हणाली, "सांग बाई. मी बसली आहो." रचनाने फोन माझ्या मांडीवर ठेवला, आणि डॉक्टर जे बोलला होता ते पहिल्यापासून सांगायला लागली. काही गाळलं नाही. लिव्हरमध्ये सुरुवात झाली. हं, म्हणाली ललिता. हाडात गेलंय, फुफ्फुसात गेलंय. हं. ऑपरेशन होण्यासारखं नाही, औषधं दिली तर त्रासच जास्त. हं. चार आठवडे, फार तर सहा. यावर हं जरा उशिरा आलं, पण आलं. दुखू नये म्हणून नर्स घरी येत जाईल. हं. आणि विमान प्रवास करू देणार नाही, रक्ताच्या गुठळ्या आहेत, वाटेतच काहीही होईल, एअरलाइन बसवूनच घेणार नाही. मी विचारलं त्यांना आई, दोनदा विचारलं, पैसे देऊन, डॉक्टर सोबत घेऊन, कसंही. नाही म्हणाले. आणि तुला असा खुबा घेऊन इतक्या लवकर इकडे आणताही येणार नाही.

यावर हं आलं नाही. फोन चालू होता, तिकडे दुरून कुठल्यातरी रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. प्रमोदिनी काहीतरी विचारत होती, तिला ललिताने गप्प केलं. मग फोन तोंडाजवळ धरून ती माझ्याशी बोलली, अगदी हळू, जसं काही रचनाने ऐकू नये.

"म्हंजे आता आपली भेट नाही."

आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवला मी. वर्गात चालवला, सभेत चालवला, घरात चालवला, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं आणि वर एक गोष्ट असायची. रचना माझ्याकडे बघत होती, तोंडावर हात दाबून, की हे आता काहीतरी समजुतीचं बोलतील.

"नाही," मी म्हणालो. "भेट नाही, ललिता."